बुवांचं कांबळं

पान हातात आलं तेव्हा माझ्या कपाळाला बुक्का लावून झाला होता. डोक्यावर पगडी होती, खांद्यावर उपरणं, बोटांत झांजा अडकवलेल्या आणि पायाखाली नृसिंहबुवांचं कांबळं. समोर देवळाच्या सभामंडपात गावातली पन्नासएक माणसं श्रोते म्हणून बसवली होती. खरं सांगतो, ती शूटिंगला आली आहेत हे मी विसरून गेलो होतो. पूर्वरंग सकाळीच चित्रित झाला होता आणि दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटल्यावरही मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या हात जोडूनच बसून राहिल्या होत्या.

‘काका, थोडा बदल आहे,’ असं म्हणून सहायकाने दोन कागद माझ्या हातात दिले.

रोजच्या मालिकेत यात नवल काही नसतं. आज जे चित्रित करायचं ते काल संध्याकाळी कुणीतरी मुंबईत बसून लिहिलेलं असतं. पुढे आपल्या पात्राचं काय होणार हे नटाला घरबसल्या बघणाऱ्या आजीइतकंच ठाऊक असतं. मी कागद वाचला.

‘कीर्तन संपले आहे. श्रोते गेले आहेत. बुवा एकटेच उभे. सुमनची आई येते. तिला बुवांचे खरे रूप कळले आहे. बुवा हसतात (क्रूरपणे). तिचे केस धरून तिला फरफटत गाभाऱ्यामागच्या खोलीकडे नेतात.’

कंसातला तो ‘क्रूरपणे’ मी सत्तावीस वर्षं वाचत आलो होतो. या मालिकेत मात्र अकरा आठवडे तो एकदाही आला नव्हता. मी पुन्हा वाचलं. मग झांजा काढून ठेवल्या, खाली उतरलो, कांबळ्याला हात लावून तो कपाळाला लावला, घडी घालून ते काखेत मारलं आणि दिग्दर्शक अवधूतला शोधायला बाहेर पडलो. कान रागाने तापले होते.

माझं नाव मुकुंद तेरवणकर. नावावरून कुणाला काही आठवणार नाही, चेहऱ्यावरून लगेच आठवेल. पाटलाच्या मागे काठी टेकून उभा असतो तो मी. सावकाराने डोळ्याने खूण केली की झोपडीत शिरतो तो मी. नायकाने पहिल्याच मारामारीत कडब्याच्या गंजीवर भिरकावलेला, तोही मीच. लहानपणी आंब्यावरून पडलो तेव्हा नाकाचं हाड मोडलं, भुवईत खोक पडली, आणि आवाज देवाने विहिरीतून आल्यासारखा दिला. एवढ्या शिदोरीवर मी सिनेमात आणि मालिकांत जगलो. कुरकुर केली नाही. पण कुठे कीर्तन आहे असं कळून मी जाऊन बसलो, की शेजारची बाई तिची पर्स उचलून पलीकडच्या मांडीवर ठेवायची. तेवढं मात्र लागायचं.

कारण कीर्तनात मी जन्माला आल्यासारखाच होतो. ऐन विशीत सहा वर्षं मी कशेळीच्या नृसिंहबुवांच्या मागे झांज धरून उभा होतो. बुवा पूर्वरंगात बोलायला लागले की समोरच्या समईची ज्योतसुद्धा कान देऊन ऐकते आहे असं वाटायचं. आणि उत्तररंगात आख्यान लावलं की राम तेच, रावण तेच, मंदोदरी तेच. दुःशासन सांगताना ते उपरणं कमरेला बांधायचे आणि पेटीवर बसलेल्या अंतूकाकांना द्रौपदी करायचे. अंतूकाकांच्या खांद्यावरच्या पंच्याला असा हिसडा द्यायचे की बायका डोळे मिटून घ्यायच्या. मग आख्यान संपलं की आरतीच्या आधी, देवापुढे वाकायच्याही आधी, बुवा अंतूकाकांपुढे वाकायचे. अंतूकाका वीस वर्षांनी लहान. दर वेळी ते संकोचाने पेटी मागे ओढायचे आणि आम्ही मागचे साथीदार तोंडाला उपरणं लावून हसायचो.

कांबळं बुवांचं. काळ्या लोकरीचं, घट्ट विणीचं, एका धनगराने कीर्तन ऐकून त्यांना दिलेलं. कुठल्याही देवळात गेले तरी बुवा आधी ते अंथरायचे आणि त्यावर उभे राहायचे. पन्नास वर्षांत त्याला दुसऱ्या कुणाचा पाय लागलेला नव्हता. घरात नातवंडं खेळता खेळता त्याच्या घडीजवळ गेली तरी काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

तर या मालिकेत मला कीर्तनकाराची भूमिका मिळाली. सज्जन बुवा. नायिकेला, म्हणजे सुमनला, बापाची माया देणारा. मलाच का घेतलं हे मी विचारलं नाही. उपाशी माणसाला कुणी पानावर बसवलं तर तो का म्हणून विचारतो का? मी तडक कशेळी गाठली. बुवा तेव्हा शहाऐंशीचे. मी सांगितलं तेव्हा ते झोपाळ्यावर होते. उठून आत गेले आणि कांबळं घेऊन आले. म्हणाले, ‘नीट उभा राहा म्हणजे झालं.’ तेव्हापासून रोज सात वाजता बुवांच्या घरी सगळ्यांचा हात थांबायचा आणि टीव्ही लागायचा.

अकरा आठवडे मी नीट उभा राहिलो. शूटिंग चालू होतं त्या कृष्णाकाठच्या गावाजवळ तालुक्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला वाकून नमस्कार केला. दोडक्यांच्या ढिगाशेजारी. लॉजवर येऊन मी दार लावून रडलो.

अवधूत रानडे घाटावर झाडाखाली मॉनिटरसमोर बसला होता. पस्तिशीचा, हुशार, माझ्याशी कधी चढ्या आवाजात न बोललेला. मला बघताच उठला.

‘काका, बसा आधी. चहा सांगू?’

‘चहा नको. हे कुणी लिहिलं?’

त्याने मला समजावायला घेतलं. वाहिनीकडे लोकांची पत्रं येत होती म्हणे. बुवा सुमनला प्रसाद देतात तेव्हा घराघरांतून बायका ओरडतात, खाऊ नको गं. हा माणूस दात कधी दाखवणार याची सगळे वाट बघत होते. ‘तुम्ही नुसतं हसलात तरी त्यांना वाटतं, मागे काहीतरी शिजतंय. मी काय करू, काका?’

‘म्हणजे माझ्या थोबाडामुळे.’

‘थोबाड काय म्हणता. तुमची ताकद आहे ती.’

तेवढ्यात माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी विचारलं, ‘हे कधी ठरलं? पत्रं आल्यावर की आधी?’

तो मॉनिटरकडे बघायला लागला. मॉनिटरवर रिकामा सभामंडप दिसत होता.

‘अवधूत, मी विचारतोय.’

‘पहिल्यापासून,’ तो म्हणाला. ‘वाहिनीला गोष्ट अशीच सांगितली होती. तुम्हाला मुद्दाम बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही कीर्तन इतकं मनापासून केलं नसतं.’

त्यानंतर मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटत नाही. खाली नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले एवढा माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, तू माझ्याकडून अकरा आठवडे देवाचं नाव वदवून घेतलंस ते लोकांना गंडवायला. माझ्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, ते तू खोटं म्हणून दाखवणार. चेहरा हाच माझा गुन्हा असेल तर पहिल्या दिवशी त्याच्यावर पोतं टाकायचं होतंस. सत्तावीस वर्षं मी तुमच्या पाटलांची आणि सावकारांची पापं माझ्या अंगावर घेतली, मरा म्हटलं तिथे मेलो, आणि एक, आयुष्यात एक चांगला माणूस दिलात तोही पोकळ.

‘या कांबळ्यावर उभं राहून मी बाईच्या केसाला हात घालणार नाही,’ मी म्हटलं. ‘पगडी, उपरणं, बुक्का, यातलं काहीही अंगावर असताना नाही. देवळात तर नाहीच नाही. दुसरा माणूस बघ.’

आणि पलीकडच्या पिंपळाच्या पारावर जाऊन बसलो, कांबळं मांडीवर घेऊन.

दोन तास गेले. अवधूत फोन कानाला लावून घाटावर येरझाऱ्या घालत होता. श्रोते मंडळी जेवून परत सभामंडपात सावलीला टेकली होती. मागच्या रांगेतल्या त्या दोन म्हाताऱ्या पदर सावरत माझ्याकडे आल्या. त्यातली एक म्हणाली, ‘बुवा, उत्तररंग कवा? आमी बसून हाव.’ मी ‘बघू, माय,’ एवढं म्हटलं. त्यांना बघून माझा राग आणखीच पेटला.

अखेर अवधूत आला आणि पाराच्या खाली उभा राहूनच बोलला. वाहिनीशी भांडून त्याने बदल करून घेतला होता. प्रसंग देवळात नाही. कीर्तन संपवून, पगडी-उपरणं उतरवून, कपाळ पुसून बुवा साध्या सदऱ्यात बाहेर येतात. सुमनची आई त्यांना घाटाच्या वरच्या पायरीवर गाठते. जे काय व्हायचं ते तिथे, देवळाबाहेर. कांबळं कुठल्याच चौकटीत येणार नाही.

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं. बुवा खलनायक होणारच होते, ते टळणार नव्हतं, पण देवाची जागा वाचली होती. माझ्या शब्दावर सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा एक पान बदललं होतं. मी मनातल्या मनात नृसिंहबुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हो म्हटलं. मग ही बातमी आधी इंदूताईंना सांगावी म्हणून निघालो.

इंदूताई फडतरे म्हणजे मालिकेतली सुमनची आई. ज्यांना फरफटत न्यायचं त्या. आमची ओळख बावीस वर्षांची. आधी त्या नायकाची बहीण असायच्या, मग विधवा वहिनी, मग शाळामास्तरीण, आता आई. आणि त्यांना छळणारा बहुतेक वेळा मी. सेटवर आम्ही एकत्र जेवायचो. त्यांच्या डब्यातली लसणाची चटणी मी हक्काने घ्यायचो, त्या म्हणायच्या, खा, मग जोर येईल मला ढकलायला. असं सगळं हसतखेळत.

मेकअपची सोय गावच्या शाळेत होती. इंदूताई आरशासमोर बसलेल्या, मानेभोवती टॉवेल, मागे हेअरड्रेसर केसांना तेल लावून विंचरत होती. मी सगळं सांगितलं. कसा तापलो, काय बोललो, अवधूत कसा नमला. आरशातूनच त्या ऐकत होत्या.

‘म्हणजे आता कुठे?’ त्यांनी विचारलं.

‘घाटावर. पायऱ्यांवर.’

‘किती पायऱ्या?’

मी मोजल्या नव्हत्या.

‘वरून खाली ओढायचं की खालून वर?’

हेही मी विचारलं नव्हतं.

त्यांनी हेअरड्रेसरला चहा पिऊन यायला सांगितलं. ती गेल्यावर खुर्ची माझ्याकडे फिरवली. वळताना नुसती मान फिरवली नाही, सगळं अंग फिरवलं. ते मी तेव्हा पाहिलं आणि सोडून दिलं.

‘देवळात सतरंज्या होत्या, मुकुंदराव,’ त्या म्हणाल्या. आवाज खालचाच होता. ‘सतरंजीवरून मी घसरत आले असते. आता दगडी पायऱ्या. तुम्ही बुवांचं कांबळं वाचवलंत. छान केलंत.’

मी काहीतरी बोललो, देवाची जागा, कीर्तनाची पथ्यं वगैरे. त्यांनी पुरतं बोलू दिलं.

‘बावीस वर्षं तुम्ही मला ओढताय. गोठ्यातून, शेतातून, एकदा भर जत्रेतून. कधी पान बदलून मागितलंत? दोन तास पारावर जाऊन बसलात कधी? आज बसलात. कुणासाठी?’

‘ताई, ते काम होतं.’

‘आणि आज काय आहे?’



केस धरून ओढण्याची एक रीत असते. पुरुषाने मूठ केसांवर नुसती ठेवायची, आवळायची नाही. बाई त्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि आपल्या पायांनी आपणच पुढे सरकते. बघणाऱ्याला वाटतं तो ओढतोय. खरं तर तीच स्वतःला नेत असते. इंदूताई म्हणाल्या, त्या जत्रेच्या शॉटला मी मूठ आवळली होती. खरीच ओढली होती. तेव्हाच्या दिग्दर्शकाने वा म्हटलं आणि मी खूश होऊन वडे खायला गेलो. त्यांना तीन महिने मान हलवता आली नाही. अजूनही कूस बदलायची तर हाताने डोकं उचलून पलीकडे ठेवावं लागतं.

‘तुम्ही कधी बोलला नाहीत,’ मी म्हटलं.

‘बोलले असते तर पुढच्या वेळी दुसरी बाई आली असती. तुमच्यासारखं नाक शोधून मिळत नाही. रडणाऱ्या आया पुष्कळ आहेत.’

मी उठलो. म्हटलं, मी आत्ता जातो आणि अवधूतला सांगतो, हा प्रसंगच मी करत नाही.

‘बसा,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही नाही म्हणालात की उद्या दुसरा येईल. त्याला मूठ कशी ठेवायची तेही ठाऊक नसेल. तुमच्या गाठी पुण्य, आणि माझ्या मानेला तो. तुम्हाला राग यायला बावीस वर्षं लागली, मुकुंदराव. माझा तर शिळा होऊन गेलाय. जा, तयार व्हा. ऊन उतरायच्या आत उरकू.’

पायऱ्या अकरा होत्या. वरून खाली ओढायचं होतं. चौथ्या पायरीवर त्या गुडघ्यांवर आदळणार, तिथून सातव्यापर्यंत फरफट, असं अवधूतने आखलं होतं. मी सदऱ्यावर, उघड्या डोक्याने तिथे आलो. कपाळावरचा बुक्का पुसला तरी काळपट डाग राहिला होता. काखेत कांबळं होतं. का आणलं मला ठाऊक नव्हतं. त्या पायऱ्या बघितल्या, कडा फुटून धारेसारख्या झालेल्या, आणि मी कांबळ्याची घडी अर्धी उलगडली आणि चौथ्या पायरीपासून खाली अंथरलं.

‘काका, ते दिसेल,’ अवधूत म्हणाला.

‘दिसू दे. नाहीतर झाकून घे.’

आर्टवाल्यांनी दगडी रंगाचं फडकं आणून वरून टाकलं, नदीची वाळू भुरभुरली. ते कांबळं कुणाचं, त्याला कुणी पाय लावत नाही, हे अकरा आठवड्यांत सगळ्यांना माहीत झालेलं होतं. कॅमेऱ्यावरच्या माणसाने डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. देवळाच्या दारात उभ्या असलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांनी पायरीकडे बघून हात जोडले. माझा ऊर भरून आला. वाटलं, आज नृसिंहबुवा इथे असते तर म्हणाले असते, उभा राहिलास हो नीट.

शॉट एकाच टेकमध्ये ओके झाला. मूठ मी ठेवायची तशीच ठेवली. ‘क्रूरपणे’ हसलो. इंदूताई चौथ्या पायरीवर आदळल्या त्या कांबळ्यावर आदळल्या. अवधूत टाळ्या वाजवत उठला, मग सगळ्यांनीच वाजवल्या. माणसं माझ्याभोवती जमली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, काका, तुम्ही खरे बुवा. मी फडकं काढलं, वाळू झटकली. सहाव्या पायरीच्या कडेला घासून कांबळ्याला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. मी ते सगळ्यांना दाखवलं. घडी घातली. वर बघितलं तेव्हा इंदूताईंची गाडी निघून गेली होती.

पुढच्या पंधरवड्यात मालिकेतल्या गावकऱ्यांनी मालिकेतल्या बुवांना देवळातून खेचून मारलं आणि माझं काम संपलं. मी कांबळं परत करायला कशेळीला गेलो.

बुवा झोपाळ्यावरच होते. आधी मी भूमिकेबद्दल क्षमा मागितली. त्यांनी हात हलवला. ‘सोंग ते. मी काय कंस केला नाही?’ मग मी कांबळं पुढे ठेवलं आणि भोकाची हकीकत सांगितली. पहिल्यापासून, काही न गाळता. इंदूताई शाळेत काय बोलल्या तेही सांगितलं, कारण त्याशिवाय कांबळं अंथरण्याची गोष्ट कळली नसती. खोटं कशाला बोलू, बुवा शाबासकी देतील अशी माझी आशा होती.

त्यांनी भोकात बोट घालून बघितलं.

‘त्या बाईंना किती वर्षं ओढतोयस?’

‘बावीस.’

‘आणि हे किती वेळा अंथरलंस?’

‘एकदा.’

झोपाळा थांबला. ‘झाल्यावर काय केलंस?’

मला प्रश्न कळला नाही. म्हटलं, ‘शॉट झाल्यावर? कांबळ्याची घडी घातली.’

कंस आणि दुःशासन सोडून मी बुवांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. आवाज म्हातारा झाला होता पण समोरच्या भिंतीवरून परत येत होता.

‘सहा वर्षं माझ्या मागे झांज धरून होतास. अंतूपुढे मी रोज वाकायचो ते काय म्हणून, असं एकदा तरी विचारलंस? तुम्ही मागे हसायचात. मला ऐकू यायचं. देवाचं नाव मी दिवसभर घेत होतो, मुकुंदा. पण हिसडा मी अंतूला दिला होता, देवाला नाही.’

मी उठून पायांवर डोकं ठेवायला वाकलो. बुवांनी पाय वर झोपाळ्यावर घेतले.

‘मला नको. आधी तिकडे जाऊन ये.’ आणि कांबळं उचलून माझ्या अंगावर टाकलं.

इंदूताई डोंबिवलीला राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांची बेल वाजवली. दार त्यांनीच उघडलं. घरात असल्यामुळे असेल, मानेला पट्टा बांधलेला होता. सेटवर तो मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला पाहिलं, काखेतलं कांबळं पाहिलं.

‘काय, नवीन पानं आली का?’

मी तिथेच वाकलो. त्या दोन पावलं मागे सरल्या.

‘हे दारात नको. शेजारी बघतात. तेरवणकर माझ्या पाया पडतायत म्हणजे आता मला विष घालणार, असं म्हणतील.’

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. एस.टी.त रात्रभर घोकलेली वाक्यं होती, ती एकही आठवेना. शेवटी साधंच विचारलं, ‘ताई, मान कशी आहे?’



‘कुठल्या बाजूची?’ त्यांनी विचारलं. ‘तुम्हीच सांगा. कुठल्या बाजूला ओढली होतीत?’

मी आठवायला लागलो. याला आता सोळा वर्षं झाली, पण त्या जिन्यातली ती दोन मिनिटं मी अजून आठवू शकतो. जत्रा आठवली. धुरळा आठवला. माझ्या मिशीचा डिंक सुटत होता तो आठवला. दिग्दर्शकाचा ‘वा’ आठवला, वड्यांची चव आठवली. घाटावरच्या पायऱ्याही आठवल्या, एकेक करून अकरा, आणि सहाव्या पायरीची कड. तिथेही मी त्यांचे केस धरले होते, पंधरा दिवसांपूर्वी, मान दुखते हे त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर. तेव्हाही कुठली बाजू ते विचारलं नव्हतं.

उजवी म्हणावं तर डावी असेल. डावी म्हणावं तर उजवी.

इंदूताई दार धरून वाट बघत उभ्या होत्या.